सर, हे कामून?

लातूरच्या उद्योग भवन परिसरात एक चक्कर मारा. जिकडं बघाल तिकडं फ्लेक्स, फ्लेक्सवर लेकरं, लेकरांच्या खाली मार्क आणि मार्कांच्या वर हसरे सर. नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरात तेच, फक्त सर वेगळे. 'आमच्या या विद्यार्थिनीनं भर वर्गात सरांना निरुत्तर केलं, हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स मात्र दोन्ही गावांत कुठं सापडायचा नाही. उत्तरांची बाजारपेठ आहे, तिथं प्रश्नांचा माल मांडून कोण बसणार?

तरी लेकरं विचारतात. त्यातही कॉम्प्युटरवाली फार.

बारावी सायन्सला 'बायफोकल कॉम्प्युटर' नावाची सोय आहे. २०० मार्कांचा विषय. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि वर आणखी एक विषय सुटतो. दुसरी भाषा म्हणजे आपल्याकडं बहुतेक घरांत मराठी. तर मराठी सोडायची, सी प्लस प्लस धरायचं आणि प्रॅक्टिकलचे मार्क खिशात टाकायचे, असा हिशेब. विषय 'स्कोरिंग' म्हणून घेतलेला, त्यामुळं त्यात कुतूहल घेऊन शिरलेलं पोरगं म्हणजे लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला कृती विचारणारा पाहुणा. मागं वाढपी खोळंबलेले असतात.

या विषयाच्या दुसऱ्या पेपरात वर्षानुवर्षं ८०८५ नावाचा मायक्रोप्रोसेसर मुक्कामाला आहे. इंटेलनं तो १९७६ साली बाजारात आणला. देशात तेव्हा आणीबाणी होती आणि प्रश्न विचारणाऱ्यांची सोय सरकार वेगळ्या ठिकाणी करत होतं. त्या काळाचा मान आम्ही अजून राखून आहोत. ८०८५ चा प्रोग्राम वहीत लिहायचा, वहीतच चालवायचा, उत्तरही वहीतच काढायचं. चिप डोळ्यांनी बघितलीच पाहिजे असं काही नाही. खरं सांगायचं तर हा ८०८५ शिकायला वाईट नाही. छोटा आहे, म्हणून आतला कारभार डोक्यात मावतो. पण एखादी पोरगी विचारते, 'सर, माझ्या मोबाईलच्या आत पण एकच ॲक्युम्युलेटर असतो का?' आता हा प्रश्न ऐकून खडू खाली ठेवावा आणि खुर्ची ओढून बसावं. कारण मोबाईलमध्ये बहुधा एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, त्याच्या ६४ बिटी वाणात कामाला ३१ रजिस्टर असतात आणि ८०८५ सारखी बेरजेचं उत्तर ॲक्युम्युलेटर नावाच्या एकाच डब्यात टाकायची सक्ती नसते. तिला मिळणारं उत्तर: 'ॲक्युम्युलेटरची व्याख्या लिही, दोन मार्काला येते.'

पहिल्या पेपरात टर्बो सी प्लस प्लसचा संसार. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९० चं. आजच्या ६४ बिटी विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून लॅबमध्ये ते डॉसबॉक्समध्ये बसवतात. डॉसबॉक्स ही जुने डॉसचे गेम खेळता यावेत म्हणून लोकांनी केलेली सोय. म्हणजे सरकारमान्य अभ्यासक्रम आणि जुने गेम एकाच खोक्यात नांदतात, आणि गेम शिकवायला परवानगी नाही. निळा पडदा उघडतो. पहिली ओळ आयओस्ट्रीम डॉट एच, दुसरी कोनिओ डॉट एच, मग व्हॉइड मेन, मग क्लिअर स्क्रीन. पाठ. संध्याकाळी दिवा लावल्यावर शुभंकरोतीच्या ऐवजी म्हणायला हरकत नाही.

मग पोरगं घरी जातं, मोबाईलवर कंपायलर उतरवून घेतं आणि तोच मंत्र जसाच्या तसा टाकतं. एरर. एकाखाली एक, लाल. दुसऱ्या दिवशी विचारतं, 'सर, इथं चालतंय, तिथं चालत नाही. कामून?' उत्तर सोपं आणि फार मोलाचं आहे. १९९८ साली सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, त्यात तो 'डॉट एच' गेला. कोनिओ तर भाषेचा भाग कधी नव्हताच, ते डॉसवरच्या कंपायलरांचं घरगुती लोणचं. भाषा वेगळी, कंपायलर वेगळा आणि ज्या यंत्रावर ते चालतं ते वेगळं, हे एवढं समजलं तर निम्मं शास्त्र पदरात पडलं. पण सर म्हणतात, 'तू मोबाईल वापरूच नको.' झालं निवारण.

बाकीचे प्रश्नही याच तालमीतले. 'आय बरोबर आय अधिक एक, हे गणितात चूक, मग इथं बरोबर कसं?' (गणितात ते समीकरण असतं, इथं तो हुकूम आहे: जुनी किंमत काढ, एक मिळव, परत ठेव.) 'मोजणी शून्यापासून कामून?' (कारण तो क्रमांक नसून अंतर आहे, पहिला डबा सुरुवातीपासून शून्य डबे लांब.) 'पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३ च्या शेपटाला लांब कुठंतरी चार कुठून उगवतो?' (दहानं एक भागलं की दोनाच्या पायात ते संपतच नाही, जसं आपल्याकडं तीननं एक भागलेलं संपत नाही, यंत्र कुठंतरी तोडतं.) कंसातलं प्रत्येक उत्तर अर्ध्या मिनिटाचं. वर्गात मात्र तीनही प्रश्नांना एकच उत्तर पुरतं: 'ते तसंच असतं.' वेळेची केवढी बचत!

डेटा स्ट्रक्चरमध्ये 'क्यू' शिकवतात. जो आधी आला तो आधी जाणार. ही व्याख्या लातूरच्या लेकरांनी पाठ करावी, यासारखा विनोद नाही. २०१६ च्या मार्चात या शहरात पाणी भरण्याच्या जागांवर १४४ कलम लावावं लागलं होतं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. घागरींच्या रांगेत जो उभा राहिला त्याला क्यू कळतो, आणि वशिल्याचा माणूस मधे घुसल्यावर काय होतं तेही कळतं. त्याला 'प्रायॉरिटी क्यू' म्हणतात, पुस्तकात आहे. इतका घरचा दाखला असताना आम्ही उदाहरण देतो सिनेमाच्या तिकिटाच्या खिडकीचं. पोरांनी ती खिडकी पाहिलेली नाही, तिकीट मोबाईलवर निघतं.

लातूरच्या गंजगोलाईचंही तेच. सोळा रस्ते एका ठिकाणी येऊन मिळतात, तिच्याभोवती पोरांचं अर्धं आयुष्य जातं. गावातला प्रत्येक रस्ता एकदाच चालून निघालो तिथं परत येता येईल का, असं कुणी विचारलं तर तो १७३६ सालचा ऑयलरचा प्रश्न आहे. त्यानं तो कोनिग्सबर्गच्या सात पुलांवर सोडवला आणि त्यातून ग्राफ नावाचं अख्खं शास्त्र निघालं. उत्तर असं, की प्रत्येक चौकात मिळणारे रस्ते सम संख्येत हवेत. सोळा सम, म्हणजे गोलाईची हरकत नाही. घोळ घालतो तो कुठला तरी तीन रस्त्यांचा तिठा. (नांदेडकरांनी हिरमुसू नये. तुमच्याकडं तर गोदावरी आहे आणि तिच्यावर खरेखुरे पूल.)

लातूर पॅटर्नला नावं ठेवायची आता फॅशन आहे, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्यांच्या नावाशी तो जोडला जातो ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे माणूस, अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. कॉलेजातच जादा तास, सराव परीक्षा, गावाकडच्या लेकरांवर मेहनत, हे त्या पॅटर्नचं मूळ. 'प्रश्न विचारू नका' हे कलम त्यात कुणी घातलं, ते शोधायला हवं. माझा संशय पालकांवर आहे. लेकराचा प्रश्न 'हे चालतं कसं?' आणि बापाचा प्रश्न 'पॅकेज किती?' पहिल्याला उत्तर लागतं, दुसऱ्याला हिंजवडीतल्या चुलतभावाचा फोन पुरतो.

आता फोनमध्येच उत्तर देणारी यंत्रं आली. रात्री अकराला होस्टेलच्या पोरानं काहीही विचारावं, यंत्र चिडत नाही, 'सिलॅबसच्या बाहेरचं आहे' म्हणत नाही. चुकलं तरी त्याच ठामपणे सांगतं. त्या बाबतीत पोरांना परकं वाटायचं कारण नाही.

तसं कुतूहलाला यंत्रच लागतं असं नाही. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे मास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. आकड्यांशी खेळायचे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा, पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ येतोच. इकडच्या विद्वानांनी हसण्यावारी नेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर मास्तर जगाला कळले. आज ते लातुरात असते तर त्यांना रिपीटर बॅचला बसवलं असतं.

करून बघा. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजचं स्थापना वर्ष १९८१, पाच पायऱ्यांत ६१७४. विद्यापीठाचं १९९४, त्याला मात्र सात: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सातच्या पुढं कुठलीच संख्या जात नाही. वाटेत एकदा ०२८८ वजा करावे लागतात. तो पुढचा शून्य प्रोग्राममध्ये तसाच टंकला तर सी प्लस प्लस रुसतं, कारण पुढं शून्य दिसला की ते संख्या आठाच्या पायातली धरतं, आणि त्या पायात आठ हा अंकच नसतो. दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रामात सगळ्या चार अंकी संख्या क्षणात तपासून होतात. जर्नलमध्ये याला प्रयोग क्रमांक नाही, तेव्हा सही कुठं घ्यायची ते आधी विचारून ठेवा.