आजी, जरा दक्षिणेकडे बघा

‘लाभार्थीचा चेहरा सुस्पष्ट दिसत नाही. सबब अनुदान नामंजूर.’

एवढ्या दोन वाक्यांत ७८ हजार रुपये आल्या वाटेनं परत गेले. पौडच्या पुढे, कोळवणच्या वाटेला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका आजींनी घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं. पॅनल देशी बनावटीचे, त्याचा दाखला जोडलेला. नेट मीटर लागला. तपासणीला साहेब आले, बघून गेले, सही करून गेले, चहा पिऊन गेले. पतसंस्थेचा हप्ताही सुरू झाला. तो मात्र कोणाचा चेहरा न बघता कापला जातो.

अडलं ते फोटोपाशी. २०२४ च्या फेब्रुवारीत घरांच्या छपरांवरच्या सोलरसाठी सरकारची ही अनुदान योजना आली. देशातल्या १ कोटी घरांवर सूर्य उतरवायचा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि त्यापुढे सगळी आळी पॅनलनं झाकलीत तरी ७८ हजारांवर दमडी नाही. हिशेब स्वच्छ आहे. फक्त हे सगळं खरोखर घडलं याचा पुरावा म्हणून लाभार्थी आणि पॅनल एकाच फोटोत हवेत, आणि फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही त्यावर हवेत. मीटर आजींच्या नावावर. म्हणजे छपरावर आजी.

आजींचं वय ऐंशीच्या पुढे. घराला स्लॅब आहे, जिना नाही. लोखंडी शिडी लावली. जन्मभर खाचरात भात लावलेली बाई, शिडीला ती घाबरणार थोडीच! नातवाच्या आधी वर पोचली आणि सोलरवाल्या पोरानं तिला जागा दाखवली. इथं खरी पंचाईत झाली. आपल्याकडे पॅनल दक्षिणेला तोंड करून बसवतात, कारण ऊन तिकडून जास्त मिळतं. पॅनल दिसायचे तर फोटो काढणारा दक्षिणेच्या कडेला उभा राहणार, आणि त्याच्याकडे बघायचं तर आजींचं तोंड दक्षिणेला.

“दक्षिणेला त्वांड करून हुबी ऱ्हाऊ? कशापायी? कुनाला येवढी घाई झालीया?”

“आज्जी, सूर्य दक्षिणेला असतो.”

“सूर्य उगवतीला आस्तो. म्या रोज बगते.”

आता या वादात कोणाची बाजू घ्यायची? धनत्रयोदशीला यमासाठी दिवा लावतात, त्याची वात दक्षिणेला असते. तेवढा एक दिवस सोडला तर घरातलं काहीही तिकडे तोंड करून ठेवायचं नाही, ही आजींची ऐंशी वर्षांची शिस्त. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यमाचा उल्लेख नाही. शेवटी तडजोड म्हणून आजी पश्चिमेला बघत उभ्या राहिल्या. फोटो सुरेख आला. शेरा आला, ‘चेहरा अर्धा’. मग भर दुपारी नातवानं हातापाया पडून त्यांना समोर बघायला लावलं, तर सूर्य थेट डोळ्यांत. शेरा, ‘डोळे मिटलेले’. पुढच्या खेपेला डोळे उघडे होते, पण डोक्यावरच्या पदराची सावली कपाळापासून नाकापर्यंत. ‘डोक्यावरील आच्छादन दूर करून फोटो पुन्हा अपलोड करावा.’ आच्छादन! सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, गावच्या पंचांसमोर जो पदर कधी ढळला नाही तो एका ड्रॉपडाउनमधल्या शेऱ्यासमोर ढळावा, अशी अपेक्षा. आणि तोवर जुलै लागला. मुळशीतला जुलै म्हणजे काय हे ज्यानं हा नियम लिहिला त्याला कोणीतरी एकदा ताम्हिणीत नेऊन दाखवा. २०२४ च्या जुलैत तिथं २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. ज्या तालुक्यात खुद्द सूर्याचा चेहरा चार महिने सुस्पष्ट दिसत नाही, तिथं आजी इरलं घेऊन स्लॅबवर उभ्या. इरल्याखाली आजी आहेत की लावणीला निघालेली शेजारीण, हे ओळखणं योजनेच्या पोर्टललाच काय, नातवालाही अवघड होतं.

बरं, या बाईला सरकारनं कधी पाहिलंच नाही असंही नाही. संडास बांधला तेव्हा संडासाच्या दारात उभी करून फोटो काढला, अक्षांश-रेखांशासकट. घरकुल झालं तेव्हा पाया, जोतं, लिंटेल आणि स्लॅब, प्रत्येक टप्प्याला आजी विटांशेजारी हजर. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा देते ते वेगळंच. ही सगळी छायाचित्रं एका रांगेत लावली तर एका बाईच्या म्हातारपणाचं चांगलं प्रदर्शन भरेल. पण या खात्याचा अल्बम त्या खात्याला दिसत नाही. गोठ्यातली म्हैस जास्त सुखी. तिच्या कानात बारा आकडी बिल्ला ठोकलाय, तेवढ्यावर तिचं काम भागतं. दवाखान्यातले लोक बिल्ला वाचतात आणि लस टोचून जातात. ‘म्हैस कॅमेऱ्याकडे पाहत नाही’ म्हणून लस नामंजूर झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

नातवानं दाद मागितली. वीज कचेरीत गेला, तर ते पोर्टलवर बोट दाखवतात. पोर्टल सोलर बसवणाऱ्या वेंडरकडे, आणि वेंडर वर आभाळाकडे, म्हणजे सर्व्हरकडे. ऑनलाइन तक्रार केली. फोन आला. “तक्रार तुम्हीच केलीय का?” “हो.” “मिटली का?” “नाही.” “बरं.” संध्याकाळी मेसेज, ‘तक्रारदाराशी संपर्क साधला. तक्रार निकाली.’ सोबत पाच तारे, आमच्या सेवेला किती द्याल?

अशी अडवणूक अमेरिकेतही होते. आमच्या एका मित्राचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्यानं घराची दारं-खिडक्या बदलल्या, थंडी आत येऊ नये म्हणून. त्या खर्चाच्या ३० टक्के आयकरात सवलत होती. २०२५ साठी तिथं नियम आला, दार बनवणाऱ्या कारखान्याचा चार अक्षरी संकेतांक विवरणपत्रात भरा. यानं भरला नाही, सवलत नाकारली. आता पत्रापत्री चालू आहे, आणि ती सवलतच ३१ डिसेंबर २०२५ ला बंद झालीय. तोही वैतागलाय. पण निदान दाराचा नंबर मागतात हो! आईला दारापाशी उभी करून तिचे डोळे उघडे आहेत का, हे कोणी तपासत नाही.

आता जरा आवाज चढणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं. १९२१ च्या रामनवमीला आमच्या मुळशी खोऱ्यात माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली होती. मुंबईला वीज हवी होती, म्हणून मुळशीची भातखाचरं पाण्याखाली जायची होती. माणसं बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. धरण झालं. शंभर वर्षं होत आली, इथलं पाणी डोंगरातून भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि मुंबईला जाते. त्या वेळी शेतकऱ्याला शेताशेजारी उभं करून कोणी फोटो काढला होता? चेहरा अस्पष्ट आहे, सबब जमीन घेता येत नाही, असा शेरा एका तरी कागदावर मारला होता? घरं, देवळं, वड, स्मशानं, सगळं घेताना चेहरे बघायची गरज पडली नाही. कायदा दाखवला, काम झालं. आणि आज त्याच तालुक्यातली एक म्हातारी पतसंस्थेचं कर्ज काढून स्वतःच्या डोक्यावर, ऊन असेल तेव्हा, दिवसाला १२ युनिट वीज बनवतेय, कोणाचं शेत न बुडवता, तर तिनं आधी स्वतःचं तोंड सिद्ध करावं! हे लिहिताना माझाच चेहरा कसा झालाय ते कोणी अपलोड करू नये.

असो. नातवानं आता नवीन उपाय काढलाय. आमच्याकडे धरणाच्या काठी लग्नाआधीची फोटोशूटं बारमाही चालतात. गाऊन घातलेली नवरी, उडणारा दुपट्टा, वर घोंघावणारा ड्रोन. त्यातलाच एक फोटोग्राफर पिरंगुटहून यायला तयार झालाय. ड्रोननं वरून घेईन, रिफ्लेक्टर धरून पदराखाली उजेड पाडीन, आणि आजींनी पूर्वेला बघितलं तरी पॅनल चौकटीत बसवीन म्हणाला. आजींनी एकच अट घातली, ते घोंघावणारं डोक्यावर नको. फोटोग्राफरनं निम्मे पैसे आगाऊ मागितले. नातू म्हणाला, सबसिडी जमा झाली की सगळे एकदम देतो. फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीत ठेवला. त्याच्याही घरावर ३ किलोवॅट आहेत, आणि त्याच्या फोटोला ‘पार्श्वभूमी कृत्रिम वाटते’ असा शेरा आलाय.