समस्त गतिरोधक महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
मा. गतिरोधक महोदय (डांबरी, सिमेंटी, मुरमी व रबरी),
मुक्काम पोस्ट दर दोनशे पावलांवर,
जिल्हा यवतमाळ.

विषय : ठेंगण्या, दोन आसनी गाडीस जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : सदर गाडीचे चेंबर (तिसऱ्यांदा फुटलेले).

महोदय,

सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार मी नुसता लिहितो आहे. माझी गाडी तो रोज घालते, तुमच्यातल्या प्रत्येकाला, पोट जमिनीला टेकवून. म्हणजे खालच्या बाजूने तुमची-तिची ओळख दांडगी आहे. वरून ती कशी दिसते ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो.

नाव सान स्टॉर्म. रंग लाल; होता. जन्म गोव्याचा. बंगळुरूच्या ज्या घरात रेल्वेची लहान शंटिंग इंजिनं तयार होत, त्याच घराला गेल्या शतकाच्या शेवटी वाटलं की आपल्या देशातल्या साध्या पगारदार माणसालाही परवडेल अशी स्पोर्ट्स गाडी काढावी. डबे ढकलणारं इंजिन बनवणाऱ्याला अशी हौस का व्हावी, हे मला अजून उलगडलेलं नाही, पण त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. अंग फायबरचं, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साठ अश्वशक्ती. दारं दोन, सीटा दोन. सीटांच्या मागे एक छत्री आणि एक नारळ बसतो. नारळ सोलला तर दोन.

२०११च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला सहा हजारांचा टप्पा ओलांडला, हे तुम्हाला आठवत असेल. त्या हंगामात तुमच्या पाठीवरून किती गाड्या भरून गेल्या. त्या साली आमच्याकडे कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बुलेट, कुणी पोरीचं लग्न उरकलं. मी ही घेतली, दुसऱ्या हाताची. तोवर गोव्याच्या त्या कारखान्याला धाप लागली होती, आणि पुढे तो थांबलाच. म्हणजे मी वरातीत सामील झालो तेव्हा वाजंत्री आवराआवर करत होते.

गाडी दारात आली तेव्हा काकांनी तिला एक फेरी मारली, आत डोकावले आणि म्हणाले, "मांगं कोन बसते?"

"कोणी नाही."

"मंग कायले घेतली?"

या प्रश्नाचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं शोधतो आहे. लग्नसराईत मात्र त्याचा फायदा झाला. लाल गाडी पाहून नवरदेवाचे मामा मोठ्या आशेने मागायला येत. मी हो म्हणायचो आणि विचारायचो, "करवलीला कुठं बसवता?" मामा गाडीकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत आणि चहा न घेता निघून जात. निवडणुकीत कार्यकर्ते आले, तेही असेच गेले. जिल्ह्यात कुणीही उसनी मागत नाही अशी गाडी माझी एकट्याची असावी.

या जातीच्या गाडीला कूपे म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ कापलेली. मागची बाकडी छाटलेली घोडागाडी. आपल्याकडे तो शब्द रेल्वेतून आला. पहिल्या वर्गातला दोघांचा डबा म्हणजे कुपे. लग्नानंतर कुपे मिळाला असं सांगताना आमच्या मास्तरांचा चेहरा साठीतही उजळायचा. म्हणजे दोघांनी दार लावून जगाला मागे सोडायचं, ही कल्पना मराठी माणसाला अगदीच परकी नाही. फक्त रुळांवर ती चालते, डांबरावर चालत नाही.

आणि डांबरावर न चालण्याचं कारण, महोदय, तुम्ही.

रागावू नका. तुमची कुंडली मी काढली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली तुमच्यासाठी नियम छापले. गोल पाठीचा गतिरोधक रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर लांब असावा, उंची १० सेंटिमीटर असावी, म्हणजे पंचवीसच्या वेगाने येणारी गाडी अंगाला धक्का न लागता पलीकडे जाईल. अंगावर पांढरे पट्टे असावेत, चाळीस मीटर आधी सूचनेचा फलक असावा. किती सुंदर वर्णन आहे! स्थळ पाहायला गेलो की असंच वर्णन हातात देतात.

एका पहाटे मी टेप घेऊन तुमच्यातल्या एकाला मोजायला गेलो. पेपर टाकणारं पोट्टं सायकल थांबवून म्हणालं, "सर, प्लॉट मोजून रायले का?" लांबी भरली दोन वीत. उंची मात्र नियमापेक्षा सवाई. पट्टे नाहीत, फलक नाही. ३.७ मीटरचा ऐवज कुणीतरी दोन वितींत कोंबला होता; लाडवाचं सारण करंजीत भरावं तसा. हे एकाचं झालं. बाकीच्यांत कुणी ट्रॉलीभर मुरमाचा आहे, कुणी दोरखंडावर डांबर ओतून झालेला आहे. पाइपलाइनसाठी आडवा खणून अर्धवट बुजवलेला चर हा तुमचा सावत्र भाऊ. तो वर येण्याऐवजी खाली जातो, पण संस्कार तेच.

तुम्हाला पार करायची एक विद्या आहे. ती मी कमावली आहे. सरळ गेलं की पोट टेकतं आणि चेंबर फुटतं, म्हणून गाडी तिरकी घालायची. आधी डावं पुढचं चाक चढवायचं, मग उजवं, मग जरा थांबून मागची. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला आधी उतरवायचं, कारण साठ किलोंनी गाडी बोटभर वर येते. आतल्या रस्त्याने आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जातो तेव्हा बायको इतक्यांदा उतरते-चढते की निम्मी वाट तिची पायीच होते. पायी वारीचं पुण्य तिला, पेट्रोलचा खर्च मला. मी तिरका होऊन रस्ता अडवला की मागचा ट्रकवाला आधी हॉर्न वाजवतो, मग उतरून येतो, आणि शेवटी खाली वाकून सांगतो, "येऊ द्या, येऊ द्या... अजून दोन बोटं हाय." एवढ्या आपुलकीने मला या जिल्ह्यात दुसरं कोणी वागवत नाही.

गाडी जिवंत ठेवणं हा वेगळा प्रपंच. तिचा पत्रा ठोकता येत नाही, कारण पत्राच नाही. पण आपल्याकडे फायबरचा एक मोठा तज्ज्ञवर्ग आहे, हे मला बंपर फुटल्यावर कळलं : कुलरवाले. विदर्भात कुलरची बॉडी जोडणारा माणूस गल्लोगल्ली आहे. त्याने माझा बंपर उलटा-सुलटा केला, म्हणाला, "टाकीसारखाच हाय," आणि दोन तासांत जोडून दिला. फक्त मार्च ते जून त्याला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून त्या चार महिन्यांत तुमच्याशी मी फार जपून वागतो. इंजिनाचं म्हणाल, तर तेच इंजिन फ्रान्सात ट्विंगो नावाच्या चिमुकल्या गाडीत होतं. भाचा तिकडे असतो. जाताना तो शेवेचा चिवडा आणि आंब्याचं लोणचं नेतो, येताना कपड्यांत गुंडाळून सुटे भाग आणतो. विमानतळावर एकदा त्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, मामाचं औषध.

तयार होणं बंद झालेल्या गाडीला असंच जगवावं लागतं. यवतमाळकरांना हे शिकवायला नको. आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलं, १९२३ पासून १९९४ पर्यंत ते यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ११३ किलोमीटरांच्या अरुंद रुळांवर धावलं. धावलं म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. त्या गाडीला तुमची कधी गरज पडली नाही, आणि हाच तिचा मोठेपणा.

आता थोडं कडू बोलतो.

तुम्ही वेग रोखता, असा तुमचा दावा आहे. कुणाचा? मी तुमच्या शेजारच्या टपरीवर तासभर बसून पाहिलं. काळी, सात सीटांची, काचा चढवलेली उंच गाडी ऐंशीने आली आणि तुमच्यावरून तशीच गेली. आतल्यांच्या हातातलं पाणीही हिंदकळलं नसेल. थांबले कोण? स्कुटीवर पोरीला घेऊन निघालेली बाई. एसटीच्या शेवटच्या सीटवरची म्हातारी, जिचं डोकं टपाला लागलं. आणि मी. जे मुळात हळूच होते त्यांना तुम्ही हळू केलंत. मग लोक शहाणे झाले. गाडी घेताना पूर्वी मायलेज विचारायचे, आता आधी ग्राउंड क्लिअरन्स विचारतात. गाड्या उंच झाल्या. उंच गाड्या थांबेनात म्हणून तुम्ही उंच झालात. तुम्ही उंच झालात म्हणून गाड्या आणखी... ही शर्यत माझ्या साठ अश्वशक्तीच्या डोक्यावरून चालली आहे, शब्दशः.

सगळा दोष तुमच्यावर टाकत नाही. जिथे तुमची पैदास इतकी नाही तिथेही कूपे गेल्याच. मित्सुबिशीची एक्लिप्स नावाची देखणी कूपे २०११ साली थांबली, आणि काही वर्षांनी तेच नाव एका उंच गाडीला मिळालं. फोर्डच्या प्यूमाचंही तसंच; आधी चपळ कूपे, आता बाळसेदार उंच गाडी. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं म्हणावं, तर आजोबा पैलवान आणि नातू सरपंच. आपल्याकडे २०२४ साली तर कमाल झाली. चार दारांच्या, पाच सीटांच्या, मागून छप्पर जरा उतरतं केलेल्या उंच गाड्या आल्या आणि त्यांचं नाव काय, तर एसयूव्ही कूपे. पुरणपोळीला उपवासाची म्हणावं तसं.

बरं, ठेंगणी, हलकी, पळणारी गाडी आपल्या मातीला नवी आहे का? आजोबांकडे दमणी होती. शंकरपटाचा छकडा पाहा : दोन बैल, एक माणूस, आणि बसायला नावापुरती फळी. तिथे कुणी विचारत नाही, मांगं कोन बसते. शंकरपट २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवला, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा मोकळीक मिळाली, २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब झालं. बैलांसाठी लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले. माझ्या गाडीसाठी मी एकटा, तोही तिरका.

तिला खरा मान मिळतो तो तान्ह्या पोळ्याला. त्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत निघतात आणि त्या रांगेत माझी गाडी उंचीने कुठेच खटकत नाही. एका वर्षी कुणीतरी तिच्या बॉनेटला बेगड चिकटवली, आरशांना झुली बांधल्या. घरोघरी बैलांना बोजारा मिळाला, तसा तिलाही मिळाला, एकूण सत्तावीस रुपये.

मग मी ती का ठेवतो? डिसेंबरात पहाटे सहाला पांढरकवड्याच्या दिशेने निघा. कापूस भरून गेलेल्या गाड्यांतून निसटलेले पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकलेले असतात, आणि माझी सीट इतकी खाली की ते मला खालून, आभाळासकट दिसतात. पन्नासला नव्वदचा भास होतो. फुकटचा वेग, ज्याला चलान नाही. पुढे सागाची दाट झाडी लागते, टिपेश्वरच्या जंगलाची हवा अंगावर येते. रस्ता वळतो आणि गाडी त्याच्याबरोबर वळते. उंच गाडी वळणावर कलते, ही जमिनीला धरून राहते. बायको एरवी या गाडीला नावं ठेवते, पण त्या वळणांवर ती गप्प असते आणि परतताना म्हणते, पुन्हा एकदा तिकडूनच घ्या. काकांना हे कसं सांगायचं?

तुमच्यातल्या एकाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर जो आहे, तो. मधल्या सुट्टीत पोरं रस्त्यावर सांडतात, तिथे मी चेंबर फुटलं तरी हूं की चूं करणार नाही. तो आणखी उंच झाला तरी चालेल. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून आपापली गरज तपासावी. टपरीवाल्याचं गिऱ्हाईक थांबावं म्हणून, पुढाऱ्याचं फाटक कळावं म्हणून, किंवा पलीकडच्या गल्लीत आहे तर आपल्याकडे का नको म्हणून जे जन्मले, त्यांनी विशेषकरून.

मागणी मोठी नाही. नाहीसे व्हा, असं म्हणत नाही. १९८८चा नियम तेवढा अंगाला लावून घ्या : ३.७ मीटर, १० सेंटिमीटर. म्हणजे मीही तुमच्यावरून सरळ जाईन, माणसासारखा, आणि ती काळी गाडी आली तर तिचीही थोडी खोड मोडेल. पत्र आणखी लिहिलं असतं, पण कॉलनीतली मंडळी कसल्याशा अर्जावर सह्या घेत दारात उभी आहेत. नळाचा असावा. चष्मा आत राहिला आहे, सही करून टाकतो.

आपला (जमिनीलगतचा) विश्वासू,
एमएच २९ चा एक दोन आसनी नागरिक

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, त्याला महिना झाला. काल रात्री कॉलनीत डांबराचा वास येत होता. सकाळी पाहतो तर आपल्या घराण्यातले एक नवे सदस्य बरोबर माझ्या फाटकासमोर आडवे झालेले, अजून गरम. शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "ते लाल गाडीवाले लय जोरात येतात म्हणून अर्ज केला होता ना, तुमची बी सही हाय, सहा नंबरची." गाडी आत आहे. ती बाहेर कशी काढावी, ते उलट टपाली कळवावे.