काटाकाका

स्टील प्लांटातल्या वजनकाट्यावरची नोकरी संपून बारा वर्षं झाली, तरी भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारात भोपळा घेताना काटाकाका खिशातून स्वतःचा स्प्रिंगकाटा काढतात. भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच पावभर जास्त टाकते.

त्यांचा हिशेब चालतो तो रुळात. इथल्या कारखान्यातला जाड रूळ मीटरला 60 किलो, म्हणून जगातली प्रत्येक वस्तू मीटरात. लग्नात काकू पाऊण मीटर होत्या, आता सव्वा आहेत. हे त्यांनी चारचौघांत एकदाच सांगितलं.

यंदा त्यांच्या पुतण्याने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी, 100 लिटरची पाण्याची टाकी आणि मागे लोखंडी घोडी लावून तिच्यावर बुलेट. मिस्त्री म्हणाला, "हो जाएगा भैया, थोडासा तो वजन है!"

'थोडासा' ऐकून काकांचा चहा थांबला.

"बुलेट 195, घोडी 45. झाले 240. अख्खा चार मीटर रूळ टांगतोयस तू!"

"काका, मागचे पाटे मजबूत आहेत."

काका उठले. कुंच्याची काठी दोन विटांवर आडवी ठेवली, मागे निघालेल्या टोकाला पाण्याचा लोटा अडकवला. पुढचं टोक विटेवरून अलगद उठलं.

"ही तुझी पुढची चाकं. दोन आसांत अंतर चार मीटर, बुलेट मागच्या आसाच्या दोन मीटर मागे. म्हणजे मागच्या आसावर 240 नाही, 360 वाढले, आणि पुढचे 120 उचलले गेले. घाटात स्टेअरिंग फिरवशील, गाडी सरळच जाईल!"

मग त्यांनी आरसी मागवली आणि भरल्या गाडीच्या वजनाच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. वर गेलास तर दंड 20,000 आणि जादा टनामागे 2,000, हे कलम 194 सकट ऐकवलं. टाकीतलं पाणी 100 किलो, हेही मोजायला लावलं. पुतण्याने हात टेकले. बुलेट दुर्गहून रेल्वेच्या पार्सलने नागपूरला गेली, घोडी उतरली.

निघायच्या दिवशी सगळे बसले आणि गाडी राजनांदगावच्या रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर चढली. तरी 40 किलो जास्त!

काकांनी झडती सुरू केली. काकूंची लोणच्याची बरणी उतरली, पुतण्याच्या बायकोची इस्त्री उतरली, पोराचं क्रिकेटचं किट उतरलं. जमेना. शेवटी पोरगंच काकांच्या सीटखाली शिरलं आणि एक लाकडी पेटी ओढू लागलं. पेटी हलेना. उघडली तर आत 20-20 किलोची दोन छापाची लोखंडी वजनं.

"वाटेतले काटे खरे की खोटे, तपासायला नकोत?" काका म्हणाले.

"पण काका, हेच ते 40 किलो!"

काकांनी पेटीचं झाकण शांतपणे लावलं.

"ते वजन नाही. ते माप आहे."