दोन ओळखीच्यांची पत्रं

मध्य प्रदेशातल्या तुकईथडच्या एखाद्या जोडप्यानं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, तर 'कारा' या दत्तकविधानाच्या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर आधी त्यांनाच नव्यानं जन्म घ्यावा लागतो. पॅन कार्ड, जन्मतारीख, लग्नाचा दाखला, उत्पन्न, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. लग्न महाराष्ट्रात मेळघाटाच्या बाजूला लागलं असेल, तर दाखल्यासाठी राज्य ओलांडा. बाळ राहिलं बाजूला, आधी वऱ्हाड निघतं.

2022 च्या नियमांत बाळ दोन वर्षांपर्यंतचं हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. आणि आपल्याकडची वयं? गुरुजींनी शाळेत नाव घालताना पोराची उंची पाहून टाकलेली! गुरुजी गेले, अंदाज मात्र सरकारी झाला.

मग घराची पाहणी. ती हवीच, लेकरू सोपवायचं तर घर आणि माणसं दोन्ही नीट बघावीत. पण अहवाल तीन वर्षं चालतो. रांग त्याहून लांबली, की पुन्हा तेच घर, तेच प्रश्न, पुन्हा चहा. शेवटचा हुकूम पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर 2022 पासून कलेक्टर देतात. बाळ घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी आहेच.

सगळ्यात सोपी वाटतात ती ओळखीच्यांची दोन पत्रं. दहा वर्षं 'काही गोड बातमी?' विचारणारं गाव सही मागितली की चष्मा शोधायला लागतं. काकांना म्हणावं, लिहा, स्वभाव शांत आहे. काका पेन थांबवून विचारतात, "दोघांपैकी कोणाचा?"