आधी यजमानाचा प्रवास

छंदांच्या पॉडकास्टवर पक्षीनिरीक्षक येवो की जुनी नाणी जमवणारा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुमचा हा प्रवास कसा सुरू झाला?’ त्याआधी यजमानाचा स्वतःचा प्रवास सांगून झालेला असतोच. पाहुणा बिचारा बालपणापासून निघतो आणि शिवराई नाण्यापर्यंत पोहोचेतो वेळ संपते. दोष त्याचा नाही. ऐसपैस प्रश्नाला ऐसपैसच उत्तर मिळतं. १९४२ साली बीबीसी रेडिओवर सुरू झालेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’मध्ये पाहुण्याला निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडायला सांगतात. मागणी एवढीशी, पण ती पुरवताना माणूस आपोआप उलगडतो. ‘बनावट शिवराई हातात आली, तर आधी कशावरून ओळखता?’ असं विचारलं, तर बालपणही येईल, पण कामापुरतं.

यावर यजमानाचं उत्तर तयार असतं: ‘आम्ही गप्पा मारतो, उलटतपासणी घेत नाही, शिवाय हा छंद, पगार कोण देतो?’ गप्पांना दोघं लागतात, ते सोडून देऊ. पगार पक्षीनिरीक्षकालाही नसतो. तरी तो पहाटे उठतो, दुर्बीण पुसतो आणि मुख्य म्हणजे पक्ष्यासमोर गप्प बसतो. यजमान मात्र माइक-दिव्यांवर हजारो रुपये ओतून रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर विचारतो, ‘तर तुम्ही नक्की काय जमवता?’