दोन डाव्या बाह्या

गणिताचा मास्तर निवृत्त झाला, की त्याला कसला ना कसला वर्ग काढायची खुमखुमी येतेच. मी पाथर्डीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमच्या ओसरीवर शिवणाचा वर्ग काढला. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, मुंढ्याला वर्तुळाचा कंस. सगळी भूमितीच की! बायको म्हणाली, "आधी स्वतःच्या पायजम्यात नाडी घालून दाखवा."

सुरुवात व्याख्यानाने केली. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. एलियास हौ यांनी 1846 मध्ये अमेरिकेत याच जोरावर पेटंट मिळवलं, वगैरे. पोरं माना डोलवत होती. मग पायडल मारलं. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, तर कापडाखाली दोऱ्याचं चिमणीचं घरटं. मी बॉबिनला दोष देत होतो, तेवढ्यात दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, बॉबिन बरोबरय. वरचा दोरा चकत्यांत बसला नाही. पाय वर उचलून ओवा." मी स्वतःचा पाय उचलला. ती मशीनच्या पायाबद्दल बोलत होती.

खरी अब्रू सदऱ्यात गेली. बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल कापतात, म्हणून कापड सुलट बाजू आत घेऊन दुहेरी ठेवायचं. मग डावी-उजवी जोडी आपोआप निघते. मी काटकसर म्हणून एकेरी कापडावर तोच कागद दोनदा तसाच ठेवला. दोन्ही बाह्या डाव्या! एक पोरगं गंभीरपणे म्हणालं, "असा माणूस शोधू, सर."

त्या मुलीचे आईवडील दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. ही आजीजवळ राहते. धाकट्यांच्या गणवेशाची बटणं, आजीच्या चोळीची उसवलेली शिवण, सगळं तीच बघते. कोणत्या भूमितीने शिकवलं तिला? वर्ग आता तीच घेते. आयटीआयमध्ये शिवणाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, त्याची चौकशी मात्र मी करतोय. अर्ज भरणं मला जमतं. एरवी मला मशीनला तेल घालायची परवानगी आहे, तीही नंतर चिंधीवर टीप मारून तेल पुसून काढायच्या अटीवर.

तुमच्या माळ्यावर पायाचं मशीन गंजत पडलं असेल, तर आम्हाला द्या. पट्टा तुटला असला तरी चालेल, तो बाजारात मिळतो. मास्तर मात्र पाठवू नका, एक पुरे आहे.