हातात न धरायची वॉकीटॉकी

पुसदला १९८३ साली बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, यवतमाळला १९९६ साली जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी. इंजिनिअर व्हायला नागपूर-अमरावती गाठायची सक्ती उरली नाही. ट्रान्झिस्टर आणायला मात्र नागपूरच गाठावं लागायचं.

याच यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलाची ही गोष्ट. आपल्या कॉलेजचं नाव तो सांगत नाही. कॉलेजही त्याचं सांगत नसावं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चौघांचा गट होता. एकाकडे वर्गणी, दुसऱ्याकडे टायपिंग, तिसऱ्याकडे धीर देणं आणि याच्याकडे उरलेलं सगळं. विषय ठरला वॉकीटॉकी. दोन डब्या, दोन अँटेना, एक बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. सोपं!

मासिकातला सर्किटचा नकाशा खरंच सोपा होता. एकच ट्रान्झिस्टर बोलताना प्रक्षेपक आणि ऐकताना ग्राहक. स्पीकरच माइक. गरिबाघरच्या सुनेसारखी सगळी कामं त्या एकट्या ट्रान्झिस्टरवर. तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर परमनंट मार्करनं रेघा ओढल्या आणि पट्टी फेरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवली. नको तिथलं तांबं विरघळलं, थोडं हवं तिथलंही विरघळलं. वसतिगृहाच्या बादलीवर पडलेला तो पिवळा-तपकिरी डाग पुढच्या दोन बॅचनी पाहिला. बॉलपेनच्या रिफिलवर तार गुंडाळून कॉइल केली, डाख दिले, साबणाच्या डबीत सगळं कोंबलं.

बटण सोडल्यावर कढईत भजी तळावी तसा आवाज आला. या जातीच्या ग्राहकाला समोरून काही मिळालं नाही, की तो असाच चरचरतो. मग गच्चीवरून एकानं विचारलं, "ऐकू येऊन राह्यलं का बे?"

"येऊन राह्यलं! पण डबीतून नाही, खिडकीतून!"

डबीतून येत होती ती आकाशवाणी यवतमाळ. नकाशा १०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे थेट एफएमच्या अंगणातला. सरांनी तो पाहून चष्मा काढला. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानं असलं यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणंही गुन्हा होतं, हे त्यांनी सांगितलं. "हे चाललं तर पकडले जाल, नाही चाललं तर नापास व्हाल. बोला, काय पाहिजे?" पोरांनी तिसरा रस्ता विचारला. २७ मेगाहर्ट्झजवळच्या छोट्याशा पट्ट्यात पाच वॅटपर्यंत परवान्याची माफी आहे, तिकडे जा, असं सर म्हणाले.

गेले. तिथे नवीनच संकट. अँटेना तरंगलांबीच्या पावपट लागते. १०० मेगाहर्ट्झला ती पाऊण मीटर होती, २७ला २.७८ मीटर झाली. नऊ फुटांहून जास्त! हातातली वॉकीटॉकी आणि वर झेंड्याची काठी. शेवटी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओची ओढून लांब होणारी अँटेना बसवली आणि तिच्या बुडाशी आणखी एक कॉइल घालून उरलेली लांबी तिच्यात गुंडाळून ठेवली. बिऱ्हाड हलवताना गादी वळकटीत बांधतात तशी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांकडे असलेला एससीआर-५३६ हा मोटोरोलाचा हातातला संच सव्वादोन किलोंहून जड होता. अँटेना बाहेर ओढली की तो सुरू व्हायचा. जड होता, पण हातात धरून चालायचा तरी. या पोरांची डबी टेबलावर ठेवली की गोड बोलायची आणि उचलली की मुकी व्हायची. हात जवळ आला की तो आणि कॉइल मिळून एक बिनबोलावलेला कपॅसिटर तयार होतो, त्यानं फ्रिक्वेन्सी सरकते. टेबलावर जुळवलेलं सगळं मुठीत बिघडतं. उपाय माहीत होता: डबीला आतून पत्रा लावून तो बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायचा. पण परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि पत्रा मिळाला तो बिस्किटाच्या डब्याचा, रंगासकट. रंगावर डाख काही बसेना.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबी उचलली. चरचर. दुसऱ्या हातात घेतली. तरी चरचर.

"रेंज किती लिहिली आहे?"

"शंभर मीटर, सर."

"मग?"

"टेबलावर ठेवली तर, सर."

परीक्षकांनी डबी टेबलावर ठेवली आणि खाली वाकून तिच्याशी बोलले. व्हरांड्याच्या टोकावरून उत्तर आलं. पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले.